ढेकण्याचं बारसं: नवी प्रजाती ‘सापडते’ म्हणजे नेमकं काय होतं?

‘कोकणच्या सड्यावर नव्या कीटकाचा शोध’ असा मथळा वाचला की डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहतं. कुणीतरी जाळं घेऊन गेलं, कधी न पाहिलेला किडा दिसला, त्याला नाव दिलं, झालं. तुमच्यापैकी जे एम.एस्सी. संपवून वर्गीकरणशास्त्रात पीएच.डी. करायचा विचार करताहेत, त्यांच्या मनातही थोडंफार असंच चित्र असतं. मला येणाऱ्या मेल्समधला नेहमीचा प्रश्न असतो, “नवीन प्रजाती सापडायला किती दिवस लागतात?” सापडायला एक संध्याकाळही पुरते. पुढची दोन-तीन वर्षं जातात ती एकच गोष्ट दाखवण्यात: आजवर दिलेल्या नावांपैकी एकही नाव या किड्याचं नाही. प्राण्यांच्या नावांचा हिशोब १ जानेवारी १७५८ पासून धरतात, म्हणजे लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. तेव्हा शोध सड्यावर जेवढा असतो त्याच्या कितीतरी पट जुन्या कागदांत आणि जुन्या पेट्यांत असतो.

माझं काम मिरिडी या कुळावर आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच देते. इंग्रजीत यांना ‘प्लांट बग’ म्हणतात. मराठीत अख्ख्या कुळाला धरून नाव नाही, पण त्यातल्या एकाला कोकणात सगळे ओळखतात: काजूवरचा ढेकण्या, म्हणजेच टी मॉस्किटो बग. नावात मॉस्किटो असला तरी डासाशी याचं काही नातं नाही. जवळून पाहिलात तर पाठीवर, दोन पंखांच्या मुळाशी, उभी टोचलेल्या टाचणीसारखा एक बारीक काटा दिसेल, टोकाला गाठ असलेला. त्यावरून हेलोपेल्टिस हा वंश लगेच ओळखू येतो. सुईसारखी सोंड पालवीत, मोहोरात, कोवळ्या बीत खुपसून तो रस शोषतो. लाळेमुळे टोचलेली जागा काळी पडते, पालवी करपते, मोहोर वाळतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्याच्या घरी काजूची बाग आहे त्याला हे मी सांगायला नको.

एक खुलासा आधीच करून टाकते. मराठी विश्वकोशात जीनसला ‘प्रजाती’ आणि स्पीशीजला ‘जाती’ म्हटलेलं आहे, तर वर्तमानपत्रं स्पीशीजलाच ‘प्रजाती’ म्हणतात. दोन्ही वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. मी इथे वर्तमानपत्री वापर घेतलाय: प्रजाती म्हणजे स्पीशीज, वंश म्हणजे जीनस. प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर पहिल्याच पानावर तुमचा वापर स्पष्ट करा.

मिरिडी हे खऱ्या ढेकूणवर्गातलं सर्वांत मोठं कुळ आहे. २०१२ सालच्या एका मोठ्या आढाव्यात वर्णन झालेल्या प्रजातींचा आकडा ११,०००च्या वर होता. बहुतेकांची लांबी काही मिलिमीटर. पुढच्या पंखाच्या जाड भागाच्या टोकाला एक त्रिकोणी तुकडा (क्युनिअस) वेगळा मोडल्यासारखा दिसतो, त्यापुढच्या पातळ पडद्यात साधारण दोन बंद कप्पे असतात, आणि डोक्यावर साधे डोळे बहुधा नसतात. सगळेच रस शोषणारे नाहीत. कित्येक दुसऱ्या किड्यांची अंडी खातात, काही दोन्ही करतात. म्हणजे शेतकऱ्याचा शत्रू आणि मित्र एकाच कुळात, कधी एकाच फांदीवर. नाव चुकलं तर काय होतं याची कल्पना यावरून यावी.

आता ढेकण्याच्याच नावाची गोष्ट बघू. काजूवर सर्वांत जास्त आढळणारी प्रजाती हेलोपेल्टिस अँटोनिआय. १८५८ मध्ये सिग्नोरे या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. पुढे १८८६ मध्ये लंडनच्या वॉटरहाउसने आणखी दोन प्रजातींना नावं दिली: ब्रॅडिआय आणि थिव्होरा. थिव्होरा म्हणजे चहा फस्त करणारी. या तिघी दिसायला इतक्या जवळच्या, आणि एकाच प्रजातीत रंग इतका बदलणारा, की नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड. परिणाम असा झाला की जावामध्ये कोकोवर पडणाऱ्या किडीला संशोधक वर्षानुवर्षं अँटोनिआय म्हणत राहिले. १९९१ मध्ये स्टोनडाल यांनी आशियातल्या आर्थिक महत्त्वाच्या हेलोपेल्टिस प्रजातींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांनी नराच्या जननांगांची रचना आणि मूळ नमुने ताडून पाहिले, आणि तेव्हा कळलं की जावाची ती ‘अँटोनिआय’ खरं तर ब्रॅडिआय आहे.

उलटा प्रकारही झालेला आहे. मलेशियात कोकोवर मिळालेल्या एका हेलोपेल्टिसला मिलर यांनी थिओब्रोमी असं नाव दिलं होतं. थिओब्रोमा हा कोकोचा वंश, त्यावरून. तपासल्यावर ती चहावरचीच थिव्होरा निघाली. चहावर सापडली म्हणून एक नाव, कोकोवर सापडली म्हणून दुसरं, किडा एकच. यजमान झाड वेगळं एवढ्यावर नवी प्रजाती करायला निघालेल्या कुणालाही मी हे उदाहरण पुढे करते.

पहिल्या प्रकारात एका नावाखाली दोन किडे राहिले, दुसऱ्यात एका किड्याला दोन नावं पडली. तुम्ही म्हणाल, कागदावरच्या भांडणाचा काजूवाल्याला काय फरक पडतो? पडतो. भारतात काजूवर अँटोनिआयखेरीज ब्रॅडिआय आणि थिव्होरा यांच्याही नोंदी आहेत. मादी नराला ज्या गंधाने बोलावते तो सहसा प्रजातीगणिक वेगळा असतो. जावाच्या ‘अँटोनिआय’वर केलेला जीवनक्रमाचा जुना अभ्यास तुम्ही दापोलीच्या किंवा वेंगुर्ल्याच्या बागेतल्या अँटोनिआयला लावलात, तर एका किड्याचं औषध दुसऱ्याला दिल्यासारखं होतं. जुने पेपर वाचताना किडीच्या नावापेक्षा देश आणि साल आधी बघा, १९९१च्या आधीचा असेल तर विशेष करून.

आणि हेही लक्षात ठेवा की नावं नसलेले किडे फक्त दुर्गम जंगलात असतात असं नाही. पोफळ आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. तिच्या न उमललेल्या पानाच्या सुरळीत राहून रस शोषणारा एक मिरिड दक्षिण भारतातल्या बागांतून माहीत झाला, त्याला कार्व्हाल्हया अरेकी हे शास्त्रीय नाव मिळालं १९५७ मध्ये, मिलर आणि चायना यांच्याकडून. वंशाचं नाव ब्राझीलचे मिरिडीतज्ज्ञ कार्व्हाल्यो यांच्यावरून ठेवलं. त्याच वर्षी कार्व्हाल्यो यांची जगातल्या मिरिडींची सूची प्रसिद्ध व्हायला सुरुवात झाली आणि १९६० पर्यंत तिचे भाग येत राहिले. १९९५ मध्ये रँडल शू यांनी नवी सूची केली, तिचं ऑनलाइन रूप न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. फुकट आहे, रोज वापरा.

तर आता समजा, गणपतीच्या आसपास तुम्ही रत्नागिरीजवळच्या एखाद्या सड्यावर उभे आहात. जांभ्याच्या कातळावर पाणी साचलंय, गेंद आणि सीतेची आसवं फुललीत, कडेला तेरडा आहे. तेरड्यावर जाळं फिरवलंत आणि चार मिलिमीटरचा एक हिरवट किडा मिळाला, जो तुम्हाला कुठेच बसवता येत नाही.

सगळ्यात आधी जाळं बाजूला ठेवा आणि झाड बघा. प्रौढ किडा उडून कुठेही बसतो, तो तेरड्यावर दिसला म्हणजे तेरड्यावर जगतो असं नाही. पानाखाली त्याची बिनपंखी पिल्लं दिसली तर मात्र यजमान सापडला असं म्हणायला आधार आहे. मग त्या झाडाचीही फांदी दाबून वाळवून ठेवा, वनस्पतीवाल्या मित्राकडून नाव पक्कं करून घ्या. (जाता जाता: सड्यावरची ड्रॉसेरा, म्हणजे चिकट केसांनी किडे पकडणारी दवबिंदू, बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑस्ट्रेलियात सेटोकोरिस नावाचे मिरिड अशाच चिकट झाडांवर न अडकता बागडतात आणि अडकलेल्या किड्यांवर जगतात.)

किडे एक-दोन नकोत, जमेल तितके घ्या, नर-मादी दोन्ही. मिरिड फार नाजूक. मारण्याच्या बाटलीत दाटी झाली की पाय आणि शृंगिका गळतात. अल्कोहोलमध्ये टाकले की हिरवा रंग पिवळा पडतो. म्हणून जिवंतपणी फोटो काढा, काही नमुने कोरडे ठेवा, काही डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. कोरड्या नमुन्यात टाचणी टोचत नाहीत, एवढ्याशा किड्याचा भुगा होईल. त्रिकोणी कागदाच्या टोकाला डिंकाच्या थेंबाने चिकटवतात आणि टाचणी कागदातून जाते.

आणि चिठ्ठी. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, यजमान, गोळा करणाऱ्याचं नाव. महिना रोमन आकड्यांत लिहायची पद्धत आहे, कारण ५-९ हे पाच सप्टेंबर की नऊ मे, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? संध्याकाळी घरी येऊन लिहीन म्हणू नका. जुन्या ग्रंथांत जागेचं नाव म्हणून कधी नुसतं ‘सिलोन’, कधी ‘बॉम्बे’ एवढंच मिळतं, आणि ते वाचून आपण डोकं धरून बसतो. बॉम्बे म्हणजे शहर की अख्खा इलाखा? संरक्षित क्षेत्र असेल तर वनखात्याची परवानगी आधी लागते. खासगी सडा असेल तर ज्याची जमीन त्याला विचारा, आणि गुरं चारायला येणाऱ्यांशी बोला. कुठलं डबकं केव्हा आटतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

इथून पुढचा भाग खुर्चीत बसून करायचा आहे आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात.

मिरिडींत बाहेरचा रंग फसवतो, म्हणून नराचं जननांग बघावं लागतं. पोटाचं टोक काढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवलं की मांस विरघळतं आणि कठीण भाग उरतो. तो धुऊन ग्लिसरीनमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली उलटसुलट करून चित्र काढायचं. मिरिड नराचे दोन पकड-अवयव, पॅरामिअर, एकसारखे नसतात. डावा साधारणपणे मोठा आणि वाकडातिकडा, उजवा लहान. आतल्या शिश्नाच्या पडद्यावर काटे आणि पट्ट्या असतात. त्यांचा आकार प्रजातीगणिक बदलतो, पण प्रजातीच्या आत बराच स्थिर राहतो, म्हणूनच त्यावर एवढा भर. काम झाल्यावर तो तुकडा फेकायचा नाही. सूक्ष्म कुपीत ग्लिसरीनमध्ये घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला खाली लावायचा.

हातात चित्र आलं. आता ते कशाशी ताडणार? भारतातल्या ढेकूणवर्गाचा पायाभूत ग्रंथ आजही डिस्टंट यांचा आहे. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतले त्यांचे सात खंड, १९०२ ते १९१८. प्रचंड काम आहे, पण मिरिडींची वर्णनं रंग आणि आकारावर चालतात, जननांगं तपासलेली नाहीत. त्यामुळे नुसतं डिस्टंट वाचून ‘हा तो नाही’ असं म्हणता येत नाही. मूळ नमुनाच पाहायला हवा. आणि ते नमुने रत्नागिरीत नाहीत, पुण्यातही नाहीत. डिस्टंट यांचे बहुतेक लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये, सिग्नोरे यांचा संग्रह व्हिएन्नाला. तुम्ही क्युरेटरला नम्रपणे मेल लिहिता, नेमके कोणत्या कोनातून फोटो हवेत ते सांगता, आणि वाट बघता. चांगली माणसं असतात, उत्तर देतात. पण त्यांच्याकडेही शेकडो विनंत्या असतात, म्हणून ही मेल पहिल्या वर्षीच पाठवा.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, “डीएनए आहे की, मग हे जुनंपुराणं कशाला?” बारकोडसाठी वापरला जाणारा सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा उपयोगी आहेच. मादी आणि नर एकाच प्रजातीचे आहेत का, पिल्लू कुणाचं, हे तो पटकन सांगतो. दोन गट वेगळे आहेत हेही सांगू शकतो. पण त्या दोनपैकी ‘अँटोनिआय’ हे नाव कुणाचं, हे डीएनए स्वतःहून सांगत नाही. ते नाव १८५८च्या वर्णनाला आणि त्यामागच्या नमुन्याला बांधलेलं आहे. नावाचा मालक तो जुना, धुळकट, कदाचित दोन पाय तुटलेला किडा आहे.

सगळं ताडून झालं आणि तरीही तुमचा तेरड्यावरचा किडा वेगळाच राहिला, तर लिहायला बसा. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहिता काही गोष्टी सक्तीच्या करते. किडा इतरांपासून कशाने ओळखायचा ते शब्दांत सांगायला हवं. एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून ठरवायचा, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवणार ते पेपरमध्ये लिहायचं (१९९९ नंतरच्या नावांना हे बंधनकारक आहे, जुने लेखक कित्येकदा असा एक नमुना ठरवतच नसत, त्याचा त्रास आपण भोगतो). पेपर फक्त ऑनलाइन निघत असेल तर झूबँकमध्ये नोंदणी करून तिचा उल्लेख पेपरमध्येच हवा.

संहिता काय मागत नाही, तेही ऐका. समीक्षकांनी तपासलेलं असावं अशी तिची अट नाही. म्हणजे कुठल्यातरी पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात धूसर फोटोसह आलेलं वर्णनसुद्धा बाकी अटी पुऱ्या करत असेल तर नामकरणापुरतं ग्राह्य धरावं लागतं. आधी आलेल्या नावाला अग्रक्रम, हा नियम. तुमच्या घाईतून जन्मलेलं नाव चुकीचं ठरलं तरी पुसलं जात नाही. समानार्थी नावांच्या यादीत, तुमच्या आडनावासह, कायम राहतं. पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला ते निस्तरावं लागतं. माझ्या मते मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला ‘पेपर किती झाले’ विचारण्याआधी ‘टाइप पाहिलास का’ हे विचारायला हवं.

नाव ठेवणं ही त्यातली सर्वांत गमतीची आणि सर्वांत कमी महत्त्वाची पायरी. वंशाचं लिंग बघून विशेषणाचं लिंग जुळवायचं, अगदी मराठीसारखं. गावावरून ठेवायचं तर शेवटी ‘-एन्सिस’, वंश नपुंसकलिंगी असेल तर ‘-एन्से’. माणसावरून ठेवायचं तर षष्ठी विभक्ती: पुरुषाला ‘-आय’ ऐकू येणारं आय अक्षर, स्त्रीला ‘-ई’ ऐकू येणारी ए-ई ही अक्षरजोडी. अँटोनिआय, ब्रॅडिआय ही षष्ठीचीच रूपं. स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे. यजमानावरून ठेवण्याआधी थिओब्रोमी आठवा.

आणि छापून येईपर्यंत ते नाव गुप्त ठेवा. परिषदेच्या पोस्टरवर नको, व्हॉट्सॲपवर नको, प्रबंधातही नको. प्रबंध शोधगंगेवर चढला म्हणजे संहितेच्या अर्थाने सहसा ‘प्रकाशित’ होत नाही, पण नाव मात्र फिरायला लागतं. वर्णनाशिवाय फिरणाऱ्या नावाने गोंधळच वाढतो. प्रबंधात ‘नवीन प्रजाती १’ एवढंच लिहा.

आपल्या कायद्याचंही बघायला हवं. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवीन प्रजाती शोधणाऱ्याने ठरवून दिलेल्या संस्थेला तसं कळवायचं आणि नमुने तिथे जमा करायचे असतात. प्राण्यांसाठी ती संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नमुने परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा, पार्सल झाल्यावर नको.

पेपरच्या शेवटी बऱ्याचदा दोन शब्द असतात: ‘मादी अज्ञात’. म्हणजे कुणीतरी त्याच सड्यावर, त्याच आठवड्यात पुन्हा जायला हवं. सड्यावरचं हिरवं जग जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचं. नोव्हेंबरात गेलात तर काळा कातळ आणि वाळकं गवत. सरकारी कागदांत सडे बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणून नोंदलेले असतात, आणि पडीक जागेवर चिरेखाण, रस्ता, प्लॉट काहीही येतं. एखाद्या प्रजातीची मूळ जागाच उकरली गेली तर होलोटाइपशी ताडायला त्याच ठिकाणचा ताजा नमुना पुन्हा मिळत नाही. म्हणून ‘मादी अज्ञात’ लिहायची वेळ येऊ नये यासाठी पहिल्या पावसाळ्यातच त्या जागेच्या तीन-चार फेऱ्या करा: जूनअखेर, जुलै, गणपती, दसरा. एस.टी.चं तिकीट आणि छत्री एवढाच खर्च आहे.

पुढच्या लेखात जननांगांची चित्रं कशी काढायची ते सविस्तर लिहीन. तोवर कुणाकडे काजूवरचे ढेकण्ये असतील तर त्यांच्यावर हात बसवून घ्या. भरपूर मिळतात, मोडले तरी कुणी रागावत नाही.